पंपाच्या मडक्यातले चिंचोके

१

ही गोष्ट २०१० सालची. कारांगसेगोरो वस्तीतली घरं तेव्हा दर चार-पाच वर्षांनी बुटकी होत असत. जमीन खाली बसायची, समुद्र आत यायचा, मग लोक जमिनीत भर घालून ती उंच करायचे. छपराला हात लावायला पैसा नसायचा, त्यामुळे दाराची चौकट तेवढी ठेंगणी होत जायची. तिथली म्हातारी माणसं कुठेही गेली, अगदी शहरातल्या मोठ्या दवाखान्यात गेली, तरी दारातून आत शिरताना मान खाली घालत.

त्या वर्षी शहराने पहिल्यांदाच एक नवल केलं. समुद्राशी झगडण्यासाठी शहराच्या अंदाजपत्रकात रक्कम बाजूला काढली, ज्या वस्तीत पाणी जास्त तिला वाटा जास्त दिला, आणि तो वाटा कशावर खर्चायचा हे वस्तीनेच ठरवावं असं सांगितलं. कारांगसेगोरोपुढे तीन गोष्टी होत्या. कालव्यावर पाणी उपसणारा पंप, महामार्गापर्यंतचा उंच रस्ता, नाहीतर मुलांसाठी भराव घातलेलं मैदान. एका घराला एक चिंचोका, अर्धी बाजू चुन्यात बुडवलेला, म्हणजे घरचे चिंचोके कोणी आणून टाकू नयेत. सभागृहात चटईवर तीन मडकी ओळीने मांडली होती. दिवसभर माणसं येत होती आणि कापडाखाली हात घालून चिंचोका टाकत होती. रात्री वस्तीत पडेल ते काम करणाऱ्या पोनिराहने रांधलेलं जेवण झालं, मडक्यांची तोंडं कापड लावून दोरीने बांधली गेली, दाराला कुलूप लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. शहराच्या कचेरीतून आलेल्या इबू हेर्मिन, चष्मा लावलेल्या, शिस्तीच्या बाई, पुढे झाल्या. वस्तीचे प्रमुख बापा मार्जुकी यांनी बाकावरून पहिलं मडकं उचललं, गाठ सोडली, आणि ते चटईवर उपडं केलं.

ते पंपाचं मडकं होतं. चटईवर मूठभर चिंचोके घरंगळले. मार्जुकींनी मडकं हलवून पाहिलं, आत हात घालून पाहिलं. आणखी काही नव्हतं.

मग मैदानाचं मडकं. तेही थोडकंच.

मग रस्त्याचं. चिंचोक्यांचा धबधबा पडला आणि पडतच राहिला.

मागच्या रांगेत एका बाईच्या कडेवरचं मूल रडलं, तिने त्याच्या तोंडावर हात ठेवला. सगळ्यांच्या पुढे बसलेल्या इबू विनार्सिह यांच्या हातातला पंखा तसाच थांबला होता. त्या वस्तीच्या सुईण. अर्धी वस्ती त्यांच्या हातांत जन्मली होती. मागच्या पावसाळ्यात, उधाणाच्या कमरेएवढ्या पाण्यातून दाराच्या फळीवर एक बाळंतीण नेत असताना तिचं बाळ त्यांच्याच हातात थंड पडलं होतं. त्या दिवसापासून पंपाखेरीज दुसरं काही त्यांच्या तोंडी नव्हतं.

इबू हेर्मिन यांनी मोजणी केली. जेवढे चिंचोके वाटले होते तेवढेच भरले. एक कमी नाही, एक जास्त नाही.

"रस्ता," त्या म्हणाल्या.

२

"माझा पंपालाच होता!" कोळीण सितीने पहिली बोंब ठोकली.

"माझासुद्धा!"

"आमच्या गल्लीतल्या झाडून सगळ्या घरांचा पंपाला! मग रस्त्याला कोणी टाकले, भुतांनी?"

माणसं एकमेकांकडे बघायला लागली, आणि ते बघणं चांगलं नव्हतं. लॉऱ्यांचे मालक बापा सुवंडी यांनी आठवड्यापूर्वी घरोघर तेलाची पिशवी वाटली होती. रस्ता झाला तर त्यांच्या लॉऱ्या कोरड्या चाकांनी बंदरावर जाणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

"तेल खाल्लंत आणि वस्ती विकलीत!" कोणीतरी ओरडलं.

"तेल मीही घेतलं," सिती उसळली. "तेल त्याचं, चिंचोका माझा! फुकटचं तेल सोडायला मी काय सुलतानाची सून आहे?"

"रात्री मडकी उघडली असणार. सुवंडीच्या लॉऱ्याच जाळायला पाहिजेत!"

मार्जुकींनी हात वर केले. "कशी उघडतील? किल्ली रात्रभर माझ्या उशाखाली होती. आणि आत्ता तुमच्यासमोर गाठी सोडल्या. त्या आपल्या इबू बिदान, सुईणबाईंनी, स्वतः बांधलेल्या. सुईणीची गाठ आहे ती, कोणालाही यायची नाही."

हे बोलताना त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण शब्द सुटला आणि सगळ्यांच्या माना विनार्सिहबाईंकडे वळल्या.

ती बाळंतिणीच्या पोटपट्ट्याची गाठ होती. एक शेपूट ओढलं की आवळते, दुसरं ओढलं की फुलासारखी सुटते. पाठीमागे बांधतात, त्यामुळे जिच्या पोटाला बांधतात तिलासुद्धा ती कधी दिसत नाही. विनार्सिहबाईंनी तिसऱ्या मडक्याची दोरी हातात घेतली. दोरीला पडलेल्या वळ्यांवरून बोट फिरवलं.

"गाठ माझीच आहे," त्या म्हणाल्या. त्यांना खोटं बोलता आलं असतं. सुचलंच नाही.

चौसष्ट वर्षांच्या आयुष्यात त्या वस्तीने त्यांच्याकडे कधी तशा नजरेने पाहिलं नव्हतं.

"मला निकाल आज कचेरीत द्यायचा आहे," इबू हेर्मिन हळूच म्हणाल्या. "तिसऱ्या प्रहरच्या नमाजापर्यंत थांबते. तोवर कोणी काही दाखवून दिलं तर ठीक. नाहीतर रस्ता. आणि पुढच्या वर्षी हा वाटा मिळेलच, असं मी सांगू शकत नाही."

पोनिराहने विनार्सिहबाईंच्या हातात चहा आणून दिला. वीस वर्षं ती त्यांच्याबरोबर बाळंतपणांना जात होती, पाणी तापवायची, दिवा धरायची. बाईंनी घोट घेतला. चहात साखरच नव्हती. पोनिराह साखर कधी विसरत नसे. पण त्या दिवशी कोणाचं डोकं ठिकाणावर होतं?

३

सुवंडींच्या अंगणात लॉऱ्यांभोवती त्यांची माणसं लोखंडी कांबी घेऊन उभी होती. ते स्वतः खुर्चीत बसून कॉफी पीत होते, पण नजर फाटकावर होती.

"या, या. मलाच धरायला आलात ना?"

"तुझ्या जन्माच्या वेळी पहिली चापट मी मारली होती, वंडी. दुसरी मारायची वेळ आणू नकोस. रात्री कुठे होतास?"

"बंदरावर. माल उतरत होता, शंभर माणसांनी पाहिलंय." ते पुढे झुकले. "बू, खरं सांगू? मी हरणार हे मला माहीत होतं. तेल वाटून माणसं विकत मिळत असती तर मी आज महापौर असतो. सकाळी जिंकलो असं कळलं तेव्हा मला आनंद नाही झाला. उलट भीती वाटली. माझ्याच नावावर बिल फाडणार, हे तेव्हाच कळलं."

विनार्सिहबाईंना हे पटावं असं वाटत नव्हतं, पण पटलं. चोरी करणारा माणूस जिंकल्यावर घाबरत नाही, निदान अंगणात कांबीवाले उभे करण्याची तयारी तरी आधी करतो. ही माणसं घाईने गोळा केलेली होती. एकाच्या अंगात तर अजून झोपायची लुंगी होती.

मार्जुकींच्या घरी त्यांची बायको दारातच रडत होती. मार्जुकींनी उशी, किल्ली, सगळं काढून दाखवलं.

"मी पंपाला टाकला होता, बू. तुमची शपथ. माझं घर महामार्गावर आहे, माझ्याकडे पाणी येत नाही, तरी टाकला. आराखड्यावर पहिली सही माझी आहे."

"आराखडा करताना काही राहिलं का, मार्जुकी? कोणी हरकत घेतली होती?"

"हरकत? छे. पंपघराची जागा मोकळीच आहे. कालव्याचा काठ. तिथे कोणी राहत नाही." ते क्षणभर अडखळले. "म्हणजे, नंबर असलेलं घर एकही नाही."

बाईंचं तिकडे नीट लक्ष गेलं नाही. त्या उन्हात परत सभागृहाकडे निघाल्या. कोपऱ्यावर तरुण पोरं रॉकेलचा डबा घेऊन बसली होती. त्यांच्यातल्या एकाने बाईंना पाहून मान फिरवली. त्याची नाळ त्यांनी कापली होती.

४

सभागृह वस्तीच्या वरच्या टोकाला होतं, जिथे उधाण कधीच पोचत नसे. म्हातारा राखणदार म्बा कार्तो तिथेच मागच्या स्वयंपाकघरात राहायचा. बायको गेल्यापासून त्याचा संसार एका चटईवर मावत होता.

"बसा, बू. चहा करतो. चोराला पाजत नाही असं नाही," तो मिश्कीलपणे म्हणाला.

"तूसुद्धा?"

"छे हो! गंमत. तुम्ही चोर असाल तर मी इमाम आहे."

त्याने चहा केला आणि दोन्ही पेले जमिनीवर ठेवले. साखरेचा डबा जमिनीवर. त्याचा रेडिओ, टोपी, घडी घातलेला सदरा, सगळं जमिनीवरच पसरलेलं होतं. विनार्सिहबाई बसल्या. त्यांनी स्वतःची पिशवी मांडीवरून काढली आणि, बोलता बोलता, हात लांब करून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. मग पेलाही उचलून कट्ट्यावर ठेवला.

कार्तो हसला. "तुम्ही खालच्या वस्तीतली माणसं! चपलासुद्धा खुंटीला टांगाल. इथे पाणी येत नाही हो, बू."

"सवय रे. खाली ठेवलेली वस्तू सकाळी..."

बाईंचं वाक्य तिथेच थांबलं.

त्यांनी कट्ट्यावरच्या पेल्याकडे पाहिलं. मग विचारलं, "कार्तो, रात्री मडकी कुठे होती?"

"चटईवर. तुम्हीच बांधलीत ना, मांडी घालून."

"आणि सकाळी?"

"सकाळी..." कार्तोने डोकं खाजवलं. "मार्जुकींनी बाकावरून घेतली. मला वाटलं, शहरातल्या बाईंनी वर ठेवली."

"त्यांना वाटलं असेल, आपण ठेवली. आणि आमच्या माणसांना काहीच वाटलं नाही, कारण वस्तू वरच असते!" बाई म्हणाल्या. "मडक्यांना रात्रीतून कोणीतरी हात लावला. ज्याने लावला तो सुवंडी नव्हे, मार्जुकी नव्हे, तू नव्हेस. तुम्ही सगळे वरचे, तुमच्या घरी पाणी नाही. काम झाल्यावर ज्याने नकळत मडकी उचलून बाकावर ठेवली, तो माणूस आमच्यातला आहे. रात्रीतून इथे कोण आलं होतं?"

"कुणी नाही, बू. देवाशपथ. पुढचं कुलूप मार्जुकींचं, मागच्या दाराला माझी कडी. पहाटे नमाजाला गेलो, तेवढाच."

बाईंनी स्वयंपाकघरावरून नजर फिरवली. काल तिथे अख्ख्या वस्तीसाठी भात शिजला होता. आता मोठी पातेली लखलखीत होती, आणि एकात एक घालून फळीवर, अगदी वर, रचलेली होती.

"ही भांडी कोणी घासली?"

"पोनिराहने. पहाटे आली, मी दार उघडून दिलं आणि नमाजाला गेलो."

"आत्ता म्हणालास, कुणी आलं नाही."

"अहो, पोनिराह म्हणजे काय आलेलं माणूस का, बू?" कार्तोला खरंच नवल वाटलं. "ती तर रोजचीच!"

विनार्सिहबाई उठल्या. ती गाठ एकट्या त्यांनाच येत होती, असं नव्हतं. वीस वर्षं कोणीतरी बाळंतिणीच्या पाठीशी दिवा धरून उभं होतं आणि ती गाठ पडताना बघत होतं.

५

कालव्याच्या काठावर बांबूच्या झोपड्यांची एक ओळ होती. बाई तिथे कितीदा आल्या होत्या, पण रात्री, कंदिलाच्या उजेडात, कोणाच्यातरी कळा मोजत. दिवसाउजेडी त्यांना प्रथमच दिसलं. प्रत्येक झोपडीपुढे जमिनीत खुंटी ठोकलेली होती. खुंटीचं टोक लाल रंगवलेलं.

पोनिराह दारात बसून कोथिंबीर निवडत होती. तिने वर पाहिलं आणि तिच्या हातातली जुडी खाली पडली.

"मी येणारच होते, बू."

"निरा, का गं?" बाईंनी विचारलं. "ते बाळ तूही पाहिलंस. त्या फळीची दुसरी बाजू तू धरली होतीस!"

"पाहिलं. रोज पाहते." पोनिराहने खुंटीकडे बोट केलं. "ही कसली आहे, माहीत आहे? पंपघराची. पंप माझ्या उंबऱ्यावर बसणार, बू. आम्ही अकरा घरं. मोजणीवाल्यांनी सांगितलं, पंप ठरला की महिन्याभरात उठायचं."

"मार्जुकी म्हणाला, जागा मोकळी..."

"मोकळीच! दारावर नंबराची पाटी नाही म्हणजे घर नाही. घर नाही म्हणून चिंचोका नाही. मी मार्जुकीकडे गेले होते. म्हणाला, आधी मत होऊ दे, नंतर बघू. उठवल्यावर काय बघणार तो? माझं बिऱ्हाड?" तिचा आवाज चढला, मग एकदम बसला. "काल तुम्हा सगळ्यांना मी जेवायला वाढलं. सगळे हसत होते, पंप येणार म्हणून. मीही भात वाढत हसले. पहाटे भांडी घासायला आले, तर ती मडकी तिथेच, चटईवर. आणि गाठ तुमची. मला वाटलं, देवानेच हात धरून आणलं. पंपाच्या मडक्यात मूठभर ठेवले, बाकीचे रस्त्याच्या मडक्यात ओतले."

"मला सांगायचं होतंस!"

"तुम्हाला?" पोनिराहने पहिल्यांदाच त्यांच्याकडे सरळ पाहिलं. "तुमच्याच अंगणात नकाशा पसरला होता, बू. चहा मी आणून ठेवला. तुम्ही बोटाने हाच काठ दाखवलात आणि म्हणालात, इथे छान जागा आहे."

विनार्सिहबाई मटकन खाली बसल्या. त्या चिखलात बसल्या, ओल्या जमिनीवर, त्यांना कळलंही नाही.

लांबून, सुवंडींच्या अंगणाच्या बाजूने, ओरडण्याचा आवाज आला.

६

रॉकेल पहिल्या लॉरीच्या टायरवर ओतलं गेलं होतं, तेवढ्यात बाई पोचल्या. साडीवजा लुंगी चिखलाने माखलेली, केस सुटलेले. त्यांना तशा अवस्थेत कोणी कधी पाहिलं नव्हतं.

"काडी टाकणाऱ्याची नाळ मी कापलीय," त्या धापा टाकत म्हणाल्या. "आधी सभागृहात चला. मग पेटवा काय पेटवायचं ते."

सभागृहात त्यांनी सगळं सांगितलं. चटई, बाक, खाली-वर, भांडी, गाठ. चोर सुवंडी नाही आणि आपल्यापैकी कोणी तेलासाठी मत विकलं नाही, हे सांगितल्यावर कित्येकांनी हुश्श केलं. सिती तर रडायलाच लागली.

"मग कोण, बू? नाव घ्या ना!"

बाईंच्या तोंडून नाव निघेना. मागच्या दारातून, जिथून ती नेहमी परात घेऊन येत असे, पोनिराह आत आली आणि चटईवर येऊन बसली.

"मी," ती म्हणाली.

एक म्हातारी "नाही, नाही, पोनिराह नाही" असं पुटपुटत राहिली. कार्तोने दोन्ही हातांनी डोकं धरलं. "मी दार उघडलं," तो म्हणाला, "आणि कुणी आलं नाही असं सांगितलं."

मार्जुकी उठून उभे राहिले. त्यांना बहुधा पोलीस म्हणायचं होतं. पण बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कालव्याच्या काठावर किती घरं आहेत, मार्जुकी?"

मार्जुकी खाली बसले.

इबू हेर्मिन यांचा चष्मा हातात होता. "आमच्या नकाशावर तिथे गवत दाखवलंय," त्या कोणालातरी ऐकू जाईल न जाईल अशा आवाजात म्हणाल्या. मग मोठ्याने, "हे मत रद्द. ज्या वस्तीत अकरा घरांना चिंचोका मिळाला नाही, तिचा निकाल मी घेऊन जाणार नाही. आज संध्याकाळपर्यंत पुन्हा मत घ्या. जिथे चूल पेटते, तिथे चिंचोका द्या. आणि पंपाला दुसरी जागा आधी शोधा."

"पलीकडचा काठ आहे की," सिती म्हणाली. "तिथे माणसं नाहीत, नुसत्या लॉऱ्या उभ्या असतात. आणि तो काठही सरकारचा, यांनी अंगणात घेतलेला!"

सगळे सुवंडींकडे वळले. त्यांनी एकदा बाहेर, रॉकेलने भिजलेल्या टायरकडे पाहिलं, एकदा विनार्सिहबाईंकडे.

"चापट बसली, बू," ते म्हणाले. "दुसरी."

संध्याकाळी पंपाचं मडकं शिगोशीग भरलं. शेवटचे अकरा चिंचोके काठावरच्या बायकांनी टाकले. पोनिराहचा हात मडक्यात बराच वेळ राहिला. चिंचोके तिथल्या तिथे, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मोजले. या वेळी मडकी पहिल्यापासून बाकावर होती.

पंप दुसऱ्या वर्षी बसला. चालवायला, राखायला कोण, असा प्रश्न निघाला तेव्हा पोनिराहचं नाव कोणी सुचवलं यावर आजही वाद होतो, पण किल्ली तिच्याकडे गेली, आणि उधाणाच्या दिवसांत ती तिथून हलली नाही. काठावरच्या घरांना नंबराच्या पाट्या मिळाल्या. मार्जुकी पुढच्या निवडीत पडले, मग स्वतःच्या हाताने त्या पाट्या रंगवून देऊ लागले. सुवंडी अंगणाचा तुकडा गेल्याबद्दल मरेपर्यंत कुरकुरत राहिले आणि मरेपर्यंत दर सणाला तेल वाटत राहिले. कोणी विचारलंच तर म्हणत, आता मागायला काही नाही, खा. इबू हेर्मिन यांची बदली झाली. जाण्यापूर्वी त्यांनी शहरातल्या सगळ्या कालव्यांचे काठ पायी पालथे घातले, त्यावरून कचेरीत त्यांची खूप टिंगल झाली. म्बा कार्तो त्यानंतर कोण आलं होतं असं विचारलं की मांजरसुद्धा मोजून सांगायचा.

विनार्सिहबाई त्यानंतर नऊ वर्षं जगल्या. पोनिराहशी त्या पहिले काही महिने बोलल्या नाहीत, की पोनिराह त्यांच्याशी बोलली नाही, हे दोघींनाच ठाऊक. मग एका रात्री एकीच्या कळा सुरू झाल्या आणि दिवा धरायला पोनिराह येऊन उभी राहिली.

बाई गेल्या तेव्हा त्यांना न्हाऊ घालून कफनाच्या पट्ट्या पोनिराहने बांधल्या. कबरीत उतरवल्यावर त्या गाठी सोडायच्या असतात. आत उतरलेला माणूस ओढून ओढून थकला, गाठ आवळतच गेली. वर उभ्या पुरुषांची कुजबुज सुरू झाली. तेव्हा बायकांच्या घोळक्यातून, रडून बसलेल्या आवाजात, पोनिराह ओरडली, "अरे, दुसरं शेपूट! दुसरं शेपूट ओढ!"

आणि गाठ फुलासारखी सुटली.